‘काँग्रेसवुमन’ : एका पदनामाचा विचार

अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या सदस्यासाठी ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ ही लिंगनिरपेक्ष संज्ञा आहे. मात्र सदस्याची पात्रता सांगताना घटनाकारांनी सर्वनाम पुल्लिंगीच योजले. लोकव्यवहारात ‘काँग्रेसमन’ रूढ झाला. १९१६ मध्ये मोंटाना राज्यातून जेनेट रँकिन निवडून आल्या. लिंगाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास देशभर मनाई झाली ती १९२० मध्ये. म्हणजे प्रतिनिधी आधी आली, मताधिकाराची हमी नंतर! ‘काँग्रेसवुमन’ हे पदनाम सोयीचे खरे, पण मूळ संज्ञा स्त्रीला सामावून घेण्यास पुरेशी असताना त्याची गरज भासावी, हे विचारार्ह आहे. मराठीतील ‘आमदार’ दोघांनाही लागू पडतो. तरीही वृत्तांतांत ‘महिला आमदार’ असे लिहिले जाते, ‘पुरुष आमदार’ मात्र क्वचितच.