पुदिना, पाणी आणि ‘आमचाच शोध’

रमजानला महिनाभर असताना माझ्या बहिणीने घरी एक यंत्र आणलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मावेल एवढी पांढरी पेटी. आत पाण्याची टाकी आणि छोटा पंप, झाकणाला बारा भोकं आणि वर दांडीला लावलेला एलईडी दिवा. मातीचा कणही नाही. भोकांत स्पंजचे तुकडे बसवायचे, त्यांत बी टाकायचं. आमचं घर कोंढव्यात चौथ्या मजल्यावर आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. तिथे आता कोथिंबीर, लेट्यूस आणि इफ्तारच्या चटणीसाठी पुदिना उगवणार होता.

माझी भाची नववीत आहे. तिने या पेटीवरच विज्ञानाचा प्रकल्प करायचं ठरवलं. पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मातीविना शेतीचा शोध बाराव्या शतकात मुस्लिम शास्त्रज्ञ इब्न अल-अव्वाम यांनी लावला.’ हे वाक्य तिला नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळालं होतं.

मी म्हणालो, “हे खरं नाही.”

ती म्हणाली, “मग काय झालं, मामू? वर्गात सगळे सांगतात, आमच्याकडे हे आधीच होतं, ते आधीच होतं. आपलंही काहीतरी असू दे ना.”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. पाठ्यपुस्तकात आपल्या नावाचं माणूस शोधणाऱ्या मुलीला ‘खोटं लिहू नकोस’ एवढंच सांगून भागत नाही. मग खरं काय, हेही सांगावं लागतं.

दरम्यान मी एक चूक करून बसलो होतो. पुदिना बियांपेक्षा काडीपासून सोपा येतो, म्हणून बाजारातल्या जुडीतल्या चार काड्या पेटीत लावल्या आणि टाकीत आरओचं पाणी भरलं. पाणी जितकं शुद्ध तितकं चांगलं, अशी माझी समजूत. सोबत आलेली खताची बाटली ‘रसायन नको’ म्हणून कपाटात ठेवली. मुळं फुटली, पण तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून बारीक झाली. अम्मीने उरलेल्या काड्या एका बरणीत, कोथिंबीर धुतलेल्या गढूळ पाण्यात घालून खिडकीच्या कठड्यावर ठेवल्या होत्या. तिचा पुदिना हिरवागार. भाची हसून म्हणाली, “नानी जिंकली.”

मला नंतर कळलं की हा सामना तीनशे वर्षांपूर्वीच झाला होता, आणि तोही पुदिन्यावरच.

सतराव्या शतकात युरोपातल्या विद्वानांना एक प्रश्न छळत होता. झाड कशाचं बनतं? ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्टने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घेतली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम २ औंस कमी भरली. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच बनतं. हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६४८मध्ये प्रसिद्ध झालं.

लंडनच्या जॉन वूडवर्डला हे पटेना. त्याने पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत वाढवला. पावसाचं पाणी, झऱ्याचं पाणी, थेम्स नदीचं पाणी. पुढे हाइड पार्कच्या नळाचं पाणी घेतलं आणि तेच पाणी दीड औंस बागेची माती कालवूनही घेतलं. रोपं आधी आणि नंतर तोलली. ग्रेन हे जुनं माप, साधारण ६५ मिलिग्रॅमचं. नुसत्या नळाच्या पाण्यातलं रोप १३९ ग्रेनने वाढलं, माती कालवलेल्या पाण्यातलं २८४ ग्रेनने. १६९९मध्ये त्याने हे छापलं आणि म्हटलं की झाड पाण्याचं नव्हे, मातीच्या अंशाचं बनतं.

म्हणजे माझी आरओची टाकी आणि अम्मीची बरणी, दोन्ही वूडवर्डच्या कोष्टकात आधीच नोंदलेल्या होत्या.

गंमत अशी, की दोघांचंही उत्तर अपुरं होतं. १७७१मध्ये जोसेफ प्रिस्टलीने मेणबत्ती विझून गेलेल्या बंद हवेत एक डहाळी ठेवली. तीही पुदिन्याचीच! काही दिवसांनी त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. १७७९मध्ये यान इंगेनहाउझने दाखवलं की हे काम फक्त हिरवे भाग करतात, आणि तेही उजेडातच. पुढच्या संशोधनातून कळलं की झाडाचा कोरडा भार मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून येतो. मातीतून येतात ते थोडेसे क्षार, पण त्यांच्यावाचून चालत नाही. आणि व्हान हेल्मॉन्ट? ‘गॅस’ हा शब्द त्यानेच दिला. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचं वर्णनही त्याने केलं. आपलं झाड बरंचसं त्याच वायूचं बनलं आहे, हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

१८६०च्या दशकात जर्मनीत युलियुस झाक्स आणि व्हिल्हेल्म क्नोप यांनी मोजून क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवली. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह. कपाटातल्या माझ्या बाटलीत ‘रसायन’ म्हणून होतं ते हेच, आणि अम्मीच्या गढूळ पाण्यातही थोडंफार हेच होतं. कॅलिफोर्नियात विल्यम गेरिके यांनी १९२९च्या सुमारास हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर काढलं आणि १९३७मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केलं. वर्तमानपत्रांनी त्याचा चमत्कार करून टाकला. तेव्हा त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८मध्ये द्रावणाची कृती सर्वांसाठी छापली आणि सोबत बजावलं की चांगल्या जमिनीपेक्षा यात काही जादूचं पीक येत नाही. आपल्याकडे १९४०च्या दशकात बंगालच्या कालिम्पोंग भागात जेम्स शोल्टो डग्लस यांनी महागडी यंत्रं टाळून, खडी, वाळू आणि साधे क्षार वापरून हीच पद्धत गरिबाला परवडेल अशी करून पाहिली. त्यांचं पुस्तक १९५१मध्ये आलं.

मग इब्न अल-अव्वाम कुठे बसतो?

तो बाराव्या शतकातल्या सेव्हिलचा. त्याच्या ‘किताब अल-फिलाहा’ या शेतीवरच्या ग्रंथात पाचशेहून अधिक वनस्पती आहेत. १८०२मध्ये माद्रिदला त्याचं स्पॅनिश भाषांतर छापलं गेलं. त्याच्या आधी, अकराव्या शतकात, तोलेदोच्या इब्न बस्सालने मातीचे दहा प्रकार सांगितले होते आणि पाण्याचे चार. पावसाचं, नदीचं, झऱ्याचं आणि विहिरीचं. वूडवर्डच्या बाटल्यांतली पाणी आठवा. प्रश्न किती जवळचा आहे! पण म्हणून वूडवर्डने अंदलुसियातून हे उचललं असं म्हणणं म्हणजे पुराव्याविना चोरीचा आरोप करणं. आणि या ग्रंथांत मातीविना शेती नाही. त्यांत आहे ती मातीचीच शेती, मनापासून आणि बारकाईने केलेली.

तरी एक गोष्ट मी भाचीला मुद्दाम दाखवली. आपला ग्रंथ लिहिताना इब्न अल-अव्वामने ग्रीक, रोमन, नबाती अशा कितीतरी जुन्या लेखकांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या नावाने दिलं आहे. आणि स्वतःचं मत मात्र पुन्हा पुन्हा करून पाहिल्याशिवाय मांडलं नाही, असं तो सांगतो. ज्याच्या नावावर आपण न केलेला शोध खपवतो, त्याचा नियम हा होता. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला द्यायचं, आणि आपलं म्हणून सांगायचं तर आधी करून बघायचं. त्याच्या नावाने खोटा फॉरवर्ड पाठवणं हा त्याचा सन्मान नाही.

शेजारी ‘आमच्या पुराणात विमानं होती’ म्हणतो तेव्हा आपण हसतो. तेच आपल्या ग्रुपवर हिरव्या रंगात आलं की ‘माशाअल्लाह’ लिहून पुढे पाठवतो. अपमान सोसलेल्या माणसाला मोठेपणा हवा असतो, हे मला समजतं. पण उसना मोठेपणा पहिल्याच प्रश्नाला गळून पडतो, आणि तो प्रश्न भर वर्गात माझ्या भाचीला विचारला जाणार असतो.

तिने पहिलं पान फाडलं नाही. त्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘हे मी आधी लिहिलं होतं. तपासल्यावर चूक निघालं.’ मग तीन बरण्या मांडल्या. एकीत आरओचं पाणी, दुसरीत कोथिंबीर धुतलेलं, तिसरीत बाटलीतलं द्रावण. उजेड पाण्यात शिरला की शेवाळ धरतं, म्हणून बरण्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळला. खालच्या सराफाकडून काड्या तोलून आणल्या आणि वजनं वहीत उतरवली.

रमजानच्या पहिल्या संध्याकाळी अम्मीने चटणीसाठी हात पुढे केला, तर भाची आडवी आली. “नानी, थांब. आधी वजन.”

त्या दिवशी चटणी बाजारच्या पुदिन्याची झाली.