घर की कारखाना? मातीच्या धुळीचा इतिहास शोधताना

लोणच्याची बरणी आपण बिनदिक्कत 'चिनी मातीची' म्हणतो. कपबशीही चिनी मातीची, आणि बरणीही. पण दोन्हींची माती वेगळी. जुनी जाड बरणी बहुतेक वेळा स्टोनवेअरची असते. ही माती साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजली की तिचे कण एकजीव होतात, पाणी झिरपत नाही आणि मीठ-आंबटाने भांडं खराब होत नाही. कुंभाराचं मडकं याहून बऱ्याच कमी तापमानाला भाजतात, म्हणून ते पाझरतं आणि पाणी गार ठेवतं. तुम्ही दफ्तरखान्यात 'चिनी माती' शोधायला बसलात, तर एका नावाखाली दोन-तीन वेगळे धंदे सापडतील. हे आधीच डोक्यात ठेवा.

आता समजा, जव्हारजवळच्या दाभोशात कुणी ठरवलं की धबधबा बघायला येणाऱ्यांना घरूनच स्टोनवेअरचे मग, वाडगे, बरण्या विकायच्या. ओसरीवर चाक, मागच्या खोलीत भट्टी. या घरातल्या धुळीचा इतिहास कुठे मिळेल?

धूळ म्हणतोय कारण मुद्दा तिथेच आहे. या मातीत गारेचे, म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात. ओली माती निरुपद्रवी. ती वाळली, झाडली, घासली, की डोळ्यांना न दिसणारे कण तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर रुततात. त्यातून होतो तो सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि क्षयाचा धोकाही वाढवतो.

हे ज्ञान नवं नाही बरं का. इंग्लंडमध्ये भांडी पांढरी यावीत म्हणून मातीत गारगोटीची पूड घालत. थॉमस बेन्सनने १७२६ साली ही गारगोटी पाण्यात दळण्याचं पेटंट घेतलं, कारण कोरडी दळणारी माणसं जगत नव्हती. त्याने चक्कीवरचा माणूस वाचला. पण तीच पूड ओली होऊन कुंभारांच्या कामशाळेत पोचली आणि तिथे पुन्हा वाळली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस अनुसूचीत आला. रुग्ण आढळला की डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवायचं. (त्याच वर्षी जव्हार संस्थान भारतात विलीन झालं, हा निव्वळ योगायोग.) पण 'कारखाना' म्हणजे काय? मूळ कायद्यात वीज वापरत असाल तर १० कामगार, नसाल तर २०. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून चाक फिरवतात ते घर यात बसतच नाही. म्हणजे निरीक्षक येत नाही, अहवाल होत नाही, फाईल बनत नाही. संशोधक फायलींवर विसंबतो, आणि मग 'घरी काम करणाऱ्यांना हा आजार नव्हता' असा निष्कर्ष नकळत निघतो. माझ्या मते कामगार-इतिहासातला हा सगळ्यात स्वस्तात पडणारा खड्डा आहे.

मग कुठे बघायचं? धारावीचा कुंभारवाडा हे जवळचं उदाहरण. सौराष्ट्रातून आलेली ही कुटुंबं आधी दक्षिण मुंबईत होती (तिथल्या एका भागाला अजूनही कुंभारवाडा म्हणतात), मग शहर त्यांना सरकवत गेलं आणि १९३० च्या दशकात ती धारावीत स्थिरावली. इथे घर, कामशाळा आणि दुकान एकच: एका बाजूला विक्री, दुसऱ्या बाजूला सामाईक भट्ट्यांचं अंगण. काम स्टोनवेअरचं नाही, साध्या लाल मातीचं आहे. पण घराची रचना आपल्या दाभोशाच्या कल्पनेशी तंतोतंत जुळते. कुंभारवाड्याबद्दल बोलणं निघालं की भट्टीचा धूर पहिला येतो. साहजिक आहे. धूर शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो, तो तक्रार करतो. धूळ घरातच राहते. तिची तक्रार कोण कुणाकडे करणार?

मृत्यूची नोंद बघायला गेलात तरी सावध राहा. सिलिकोसिस आणि क्षय एकमेकांत सहज मिसळतात, आणि वहीत बहुधा 'क्षय' एवढंच उतरतं. जव्हारसाठी १८८२ चं ठाणे गॅझेटियर (१३ वा खंड) जरूर उघडा. संस्थानाची माहिती त्यातच आहे, आणि कुंभारांचीही. मात्र तिथे कुंभार ही जात म्हणून भेटतो, श्वास घेणारा कामगार म्हणून नाही.

उरतात मुलाखती. त्यासाठी कामाची पद्धत माहीत हवी, नाहीतर योग्य प्रश्नच सुचणार नाहीत. सुरक्षित काम करणारा तयार ओली माती विकत घेतो, कोरडी पूड कालवायची वेळ आलीच तर एन-९५ मास्क लावतो, वाळलेलं भांडं घासत नाही तर ओल्या स्पंजाने पुसतो, जमीन झाडत नाही तर ओल्या फडक्याने पुसतो, आणि कामाचा कपडा स्वयंपाकघरात नेत नाही. जव्हारच्या पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असताना तर हे जास्तच महत्त्वाचं. खाण्याच्या भांड्यावर शिशाची झिलई नको; तपासणीची प्रयोगशाळेतली रीत म्हणजे भांड्यात ४ टक्के अॅसिटिक आम्ल २४ तास ठेवून त्यात किती शिसं-कॅडमियम उतरलं ते मोजणं.

तेव्हा मुलाखतीला बसाल तेव्हा 'तुम्ही कुंभारकाम कधीपासून करता' याने सुरुवात करू नका. चाकावर कोण बसतं हे सगळे सांगतात. संध्याकाळी खोली कोण झाडतं, कोरडी झाडतं की पाणी शिंपडून, आणि तेव्हा लहान मूल कुठे असतं, हे विचारा.