प्रवाशाची यादी आणि त्रिरश्मीची नोंदवही

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकला येणारा पर्यटक आमच्या इंदिरानगरात सहसा थांबत नाही. त्याला पांडवलेणी पाहावयाची असतात, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर गाठावयाचे असते, आणि अलीकडे द्राक्षमळ्यांतील वाइनचाही आस्वाद घ्यावयाचा असतो. त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्यांवर उभा राहून तो खालचा महामार्ग आणि आमच्या नव्या वसाहती पाहतो व उद्गारतो : वर प्राचीन भारताची शांती, खाली आधुनिक भारताची धावपळ! हा उद्गार पाहुण्यांच्या तोंडून आम्ही अनेकदा ऐकला आहे. मात्र त्याच लेण्यांतील शिलालेख वाचले, तर तो टिकत नाही.

पाहुण्यांची ही परंपरा जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्याचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव अज्ञात. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरील पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवरचे तगर म्हणजे आजचे तेर, बिनरस्त्याच्या मुलखातून येणारी मालाची गाडी हे सारे त्यात आहे. नाशिकचे नाव नाही; ते पुढे टॉलेमीच्या भूगोलात येते. भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य आहे, आणि तेही इटलीचे अधिक पसंतीचे. (आज नाशिकच जगाला वाइन पाजू पाहते!) राजासाठी आणावयाच्या वस्तू निराळ्या : चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी देखण्या मुली, उंची मद्य, तलम वस्त्रे. भांडी आणि मद्य यांच्या मधोमध माणसांची लेकरे! व्यापाऱ्याची लेखणी तेथे क्षणभरही अडखळत नाही. आम्हाला मात्र ती ओळ ओलांडून पुढे जाणे कठीण होते.

ज्या राजाचा उल्लेख या ग्रंथात आहे, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपान होय. त्याच्या जावयाचा, शक उषवदाताचा, लेख आपल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात आहे. त्यात ध्यानधारणेपेक्षा हिशेबच अधिक! बेचाळिसाव्या वर्षी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. पैकी दोन हजारांवर दरमहा दरशेकडा एक प्रमाणे व्याज. वर्षाचे होतात २४० कार्षापण, आणि वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा दिले की हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदला, असेही कोरले आहे. ज्याला पर्यटक शांती म्हणतो, तिच्या पाठीशी हातमागाची खडखड आणि सावकारी बेरीज होती.

याच उषवदाताने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. शूर्पारक म्हणजे आपले सोपारे. वसईच्या वाचकांनी याची नोंद घ्यावी. तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या. व्यापाऱ्याच्या ग्रंथात बंदर आणि बाजार आहेत. नदीकाठी खोळंबलेल्या गरीब वाटसरूची दखल या शिलालेखात आहे.

सत्ता बदलली, तेव्हा घाईही तितकीच झाली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला. नवी नाणी पाडण्याइतकाही धीर नव्हता! जुन्या राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे नव्या छापाखालून अजून डोकावतात. उद्घाटनाच्या फलकांवरील नावे कशी बदलतात, हे पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

आणि सतरा क्रमांकाचे लेणे तर परक्याचेच आहे. दात्तामित्रीहून आलेला, उत्तरेकडील यवन धर्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त याने ते खोदविले. आपण यवन आहोत हे त्याने लपविले नाही. नावे मात्र पित्याचे, स्वतःचे आणि पुत्र धर्मरक्षिताचे, तिन्ही इथली. आम्ही इंदिरानगरवासीही बहुतेक बाहेरगावचेच, कोणी नोकरीसाठी तर कोणी धंद्यासाठी आलेलो. इंद्राग्निदत्त काय पाहावयास आला होता, हे लेख सांगत नाही. आईवडिलांप्रीत्यर्थ त्याने लेणे दिले, आत चैत्य घडविला, आणि पाण्याची टाकीही खोदविली, एवढेच सांगतो.