विजेची वाद्ये आणि पखवाजाची कणीक

लग्नाची वरात बीडच्या माळीवेशीतून निघो की केज-धारूरकडच्या एखाद्या खेड्यातून निघो, बँडवाल्याने पुंगीची ती ओळखीची सुरावट धरली की एरवी गंभीर असणारी मंडळीही रुमालाचे टोक दातांत धरून त्याची पुंगी करतात आणि समोरचा नाग होऊन डोलू लागतो. हा स्वर पुंगीचा आहे असेच आपण समजत आलो. वस्तुतः तो पुंगीचा नव्हे.

'नागिन' हा चित्रपट १९५४ साली आला. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. हेमंतकुमारांच्या संगीतातील ती पुंगी वाजविली कल्याणजींनी. पुढे कल्याणजी-आनंदजी ह्या जोडीमुळे सर्वांना ठाऊक झाले तेच हे कल्याणजी. साथीला रवी ह्यांची पेटी होती. कल्याणजींच्या हाताखालचे वाद्य क्लॅव्हिओलिन होते. कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच कारागिराने ते १९४७ च्या सुमारास सिद्ध केले. त्यात ना भाता, ना तार, ना कातडे. काचेच्या व्हॉल्व्हमधून विजेची कंपने निर्माण व्हावयाची, गाळणीसारख्या योजनेतून त्यांतील नको तो अंश गाळला जावयाचा आणि उरलेले कर्ण्यातून स्वर होऊन बाहेर पडावयाचे. एका वेळी एकच स्वर निघे. परंतु पुंगीला तरी दुसरे काय हवे असते?

ह्या वंशातले पुढचे वाद्य म्हणजे सिंथेसायझर. संश्लेषण म्हणजे जुळवणी. स्वराचे घटक वेगवेगळे हाती घेऊन ते मनाजोगे जुळविणारे यंत्र, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. अमेरिकेत रॉबर्ट मूग ह्यांनी १९६४ साली असे यंत्र बनविले. स्वराची उंची, त्याचा रंग आणि त्याचा चढउतार ही तिन्ही अंगे विजेच्या दाबाने ताब्यात ठेवावयाची, ही त्यातील मुख्य कल्पना. पाचच वर्षांनी, १९६९ साली, मूगचे यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन पोहोचले. तेथे केलेल्या प्रयोगांच्या ध्वनिफिती मात्र कपाटात पडून राहिल्या आणि चाळीसहून अधिक वर्षांनी एका संशोधकाच्या हाती लागल्या.

मुंबईची हकीगत अशीच आहे. चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली रोलँड ह्या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत मिळाली, २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरचे रसिक चकित झाले.

तेव्हा ध्वनी राहिला, ही आनंदाची गोष्ट. परंतु ध्वनिमुद्रिका म्हणजे वाद्याचे छायाचित्र. छायाचित्राला नवा राग विचारता येत नाही. त्यासाठी वाद्यच जिवंत असावे लागते. आणि ही वाद्ये मोठी नाजूक प्रकृतीची आहेत. त्यांच्यातील कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिले की आतून सुकतात. स्मृतीसाठी बसविलेली बॅटरी पाझरली तर भोवतालचे तांबे खाऊन टाकते. उष्णतेने स्वर ढळतो, धुळीने पट्ट्यांचे संपर्क बिघडतात. आणि आपल्या मराठवाड्यात ह्या दोन्ही गोष्टींचा तुटवडा नाही! जुने यंत्र सापडल्याच्या आनंदात ते तडक विजेला जोडणारा मनुष्य पुष्कळदा त्याचा शेवटचा वादक ठरतो.

येथे संग्राहकांत एक वाद उभा राहतो. सुटा भाग बदलला तर वाद्य मूळचे राहिले काय? एक पक्ष म्हणतो, काहीही बदलू नका, काचेच्या पेटीत ठेवा. दुसरा म्हणतो, सगळे बदला, पण वाजले पाहिजे.

माझ्या मते ह्या वादाचे उत्तर अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावला केव्हाच मिळालेले आहे. ते पखवाजाचे गाव. तेथील शंकरबापू आपेगावकरांना १९८६ साली पद्मश्री मिळाली. पखवाजाच्या धुम्याला वादनापूर्वी ताजी कणीक लावतात आणि वादन संपल्यावर ती काढून टाकतात. वादी झिजली की बदलतात, पुडी फाटली की नवी चढवितात. म्हणून पखवाज नवा झाला असे कोणी म्हणत नाही. खोड तेच असते आणि हात त्याच परंपरेचा असतो. पण शाईची गोष्ट वेगळी! ती हलक्या हाताच्या माणसाने भरली तर वाद्याचा आवाजच पालटतो.

विजेच्या वाद्यांतही असेच आहे. सुकलेला कपॅसिटर ही कणीक. तो खुशाल बदलावा. परंतु काही भाग शाईसारखे असतात. चरणजित सिंगांच्या तीन यंत्रांपैकी टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० साली निघाले. त्याच्या सळसळीसाठी कारखान्याने मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर निवडून घातले होते. पुढे ट्रान्झिस्टरची घडण सुधारली, सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्राची निर्मितीही थांबली. अशा यंत्रात कोणी चांगल्या बुद्धीने निर्दोष भाग बसविला तर दुरुस्ती होईल आणि वाद्य हरवेल! कणीक कोणती आणि शाई कोणती हे ओळखणे, हीच जतनाची खरी विद्या होय. ती संग्रहालयाच्या चिठ्ठीवर मावत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या आणि वाजविणाऱ्याच्या हातात असते आणि हातातूनच पुढे जाते.

ह्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) पासोडीसारख्या अंगावर घेण्याच्या वस्त्रावर पंचीकरण लिहिले, त्यात आकृत्या काढल्या. कापड ते, विरून जावयाचे. परंतु ते जपण्याजोगे आहे असे मागच्यांना वाटत राहिले, म्हणून चार शतके ते नष्ट झाले नाही. वस्तू टिकते ती द्रव्याच्या बळावर नव्हे, तर तिची किंमत जाणणाऱ्या माणसांमुळे.

एखाद्या बँडवाल्याच्या किंवा जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या खोलीत पत्र्याखाली असे एखादे यंत्र धूळ खात पडले असेल. ते भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्याचा क्रमांक टिपून घ्यावा, ते विजेला न जोडता जाणत्या कारागिराला दाखवावे, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा. आणि सर्वांत आधी, ते वाजविणारा मनुष्य हयात असेल तर त्याच्यापाशी बसावे. यंत्र कदाचित आणखी दहा वर्षे थांबेल. तो थांबेलच असे नाही.