भोंगा आधी, घंटा मागाहून

सकाळी शाळेची घंटा वाजते ती मुलांसाठी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु त्याच घंटेने आईबापही मोकळे होत असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मूल वर्गात बसले, म्हणजे यंत्रमागावर उभा असलेला बाप निर्धास्तपणे तुटलेला धागा सांधू शकतो. साड्यांना टिकल्या लावणाऱ्या आईची नजर दाराकडे न जाता हातातील कामावर राहते. शाळा शिकवते हे तिचे उघड काम. शाळा मूल सांभाळते हे तिचे अबोल काम. पहिल्या कामाची परीक्षा वर्षाच्या अखेरीस होते. दुसऱ्या कामाची परीक्षा मात्र शाळेला एकाएकी कुलूप पडते त्या दिवशी होते, आणि त्या परीक्षेला मुले नव्हे, आईबाप बसतात. अशा परीक्षांचा इतिहास पाहावयाचा असेल, तर सुरत शहराकडे पाहावे. १९९४ पासून पुढल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांत या शहराने तीन मोठ्या बंदी पाहिल्या : एक रोगाची, एक पाण्याची आणि एक पुन्हा रोगाची.

जुन्या सुरतेत हा प्रश्नच नव्हता. जरीच्या धंद्याने हे शहर शतकानुशतके नावाजलेले. तो धंदा बराचसा घरात चाले. तार गुंडाळणे, कलाबतू वळणे ही कामे ओटीवर आणि माजघरात होत. ज्या घरात काम त्याच घरात मूल. मग शाळा एखादा दिवस न भरली तर मुलाचा एक पाठ बुडे, आईची मजुरी बुडत नसे. पुढे यंत्रमाग आले, हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घंट्या आल्या, आणि काम घराबाहेर गेले. १९९१ च्या जनगणनेत या शहराची वस्ती सुमारे १५ लक्ष होती. २०११ मध्ये ती सुमारे ४५ लक्षांच्या घरात गेली. ही वाढ पाळण्यांतून झालेली नाही, ती आगगाडीतून उतरलेली आहे. सौराष्ट्रातून हिऱ्याचे कारागीर आले, ओरिसातील गंजाम जिल्ह्यातून मागवाले आले, आणि खानदेशातून मराठी माणसे आली.

खानदेशाचे आणि सुरतेचे नाते निसर्गानेच जुळविलेले आहे. जी तापी भुसावळाजवळून वाहते तीच सुरतेस समुद्राला भेटावयास जाते. तिच्या खोऱ्यातून धावणारी आगगाडी जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत नवापुरास येते. तेथील स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पुढे ती गाडी उधन्यास पोहोचते. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत या मार्गाने आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे, आणि महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. परंतु गाव सोडून आलेल्या माणसाने एक गोष्ट मागे ठेवलेली असते : घरातील म्हातारे माणूस. गावी मूल आजीच्या पदराशी असते. शहरात ते शाळेच्या हवाली असते. म्हणून स्थलांतर करून आलेल्या कुटुंबाला शाळेचा आधार इतरांपेक्षा अधिक लागतो, आणि तो तुटला म्हणजे झोकही त्याचाच आधी जातो.

पहिला प्रसंग सप्टेंबर १९९४ चा. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले होते आणि बीड जिल्ह्यातून गाठीच्या प्लेगची बातमी आली होती. सुरतेत अतिवृष्टी होऊन सखल भागांत पाणी साचून गेले होते. गणेशविसर्जन नुकतेच आटोपले होते. अशा वेळी फुप्फुसाच्या प्लेगाने माणसे दगावत आहेत, ही वार्ता वेड रस्त्याच्या बाजूने निघाली आणि एका रात्रीत शहरभर झाली. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली. टेट्रासायक्लीनच्या गोळ्यांसाठी रांगा लागल्या. थोड्याच दिवसांत काही लक्ष माणसे शहर सोडून गेली; स्थानकावर पाय ठेवावयास जागा राहिली नाही. मृतांचा आकडा अखेर पन्नाशीच्या आसपास थांबला. भीतीचा आकडा मात्र कोणी मोजला नाही.

त्या वेळी कारखाने आणि शाळा एकदमच थांबल्या होत्या, म्हणून पहिल्या दिवसांत मुले आईबापांबरोबरच होती. पेच पडला तो परतताना. कारखान्याचा भोंगा वाजू लागला की मजूर परततो, कारण महिनाभर बसून खाण्याइतकी शिल्लक त्याच्यापाशी नसते. शाळेची घंटा मात्र भीती पुरती ओसरल्याखेरीज वाजत नाही. या दोहोंच्या मधले जे दिवस, ते मूल कोठे राहावे? गावी आजी होती त्यांना उत्तर होते : मूल तेथेच ठेवावे आणि आपण गाडी धरावी. ज्यांना ते उत्तर नव्हते त्यांनी मुलाला कुलूपबंद खोलीत ठेवावे की मजुरी सोडावी, एवढाच प्रश्न उरला.

दुसरा प्रसंग ऑगस्ट २००६ चा. सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर उकाईचे धरण आहे. तापीच्या पाणलोटात पाऊस कोसळला, धरण भरत आले, आणि सुमारे नऊ लक्ष घनफूट दर सेकंदास या वेगाने पाणी सोडावे लागले. ७ ऑगस्टपासून शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. लोक वरच्या मजल्यांवर चढले. कित्येकांना वीज आणि पिण्याचे पाणी यांवाचून दिवस काढावे लागले. पूर ओसरला तेव्हा घराघरांत चिखल होता आणि मुलांची वह्यापुस्तके लगदा झाली होती. येथेही तेच घडले. गाळ धुऊन यंत्रे लवकर चालू करणे ही मालकाची निकड आणि मजुराचीही निकड. शाळेची फरशी धुणे, भिंती वाळविणे, रोगराईची शंका फिटणे यांना वेळ लागतो. भोंगा आधी, घंटा मागाहून. या खेपेस मुलांना आधार मिळाला तो वरच्या मजल्यावरील शेजारणीचा. पुराने जातपात आणि भाषा न पाहता माणसे एका जिन्यावर आणली, हा त्या पुराचा एवढाच काय तो उपकार.

तिसरा प्रसंग सर्वांच्या स्मरणातला. १६ मार्च २०२० पासून गुजरातेतील शाळा बंद झाल्या, त्या प्रथम दोन आठवड्यांसाठी. पुढे देशभर टाळेबंदी झाली आणि प्रवासी गाड्या थांबल्या. १९९४ मध्ये जी आगगाडी तारक ठरली होती, तीच या वेळी रुळांवर उभी राहिली. आजी नंदुरबारास आणि नातवंड उधन्यास, मध्ये दोनशे किलोमीटरही नाहीत, पण वाट नाही. शेजारणीकडे मूल ठेवण्याचीही सोय उरली नाही, कारण शेजार हाच धोका ठरला. जूनपासून बंधने सैल होऊ लागली आणि कारखाने हळूहळू चालू झाले. प्राथमिक शाळा मात्र उघडल्या त्या २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे वीस महिन्यांनी. आणि तोही निर्णय आदल्या दिवशी, रविवारी जाहीर झाला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले तेव्हा ते दुसरीत होते. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा महिनाभर दारे मिटली.

या वीस महिन्यांत दूरदर्शनवरून पाठ दिले गेले, भ्रमणध्वनीवरून गृहपाठ आले. ते प्रयत्न प्रामाणिक होते. परंतु पडद्यावरील शिक्षक मुलाला जेवू घालीत नाही आणि रस्त्यावर धावणाऱ्या मुलाचा हात धरीत नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडाचा विचार करावा. मागावर बारा तासांची रात्रपाळी करून बाप सकाळी येतो आणि दिवसा झोपतो. त्याच खोलीत मुलांनी पाठ ऐकावयाचा आणि त्याच खोलीत आईने नगावर मोल मिळणारे काम करावयाचे. बापाची झोप मोडली तर रात्री यंत्रापाशी हात सापडण्याचे भय. आईचे काम खोळंबले तर आठवड्याच्या हिशेबात तूट. अशा वेळी घर एक तोड काढते, आणि ती बहुधा एकच असते : दहा-बारा वर्षांची थोरली मुलगी धाकट्यांची आई होते. शाळा पुन्हा उघडते तेव्हा धाकटी भावंडे वर्गात परततात. तिचे परतणे मात्र सोपे राहत नाही.

याची कायद्याने काही सोय केली आहे काय? १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची तरतूद केली. आरंभी पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांना ती लागू होती, १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. पण ती सहा वर्षांखालील मुलांपुरती. १९७५ पासूनच्या अंगणवाड्यांची मर्यादाही सहा वर्षे. २०२० च्या नव्या श्रमसंहितेनेही पाळणाघरासाठी तेच वय ठेविले. सहा वर्षांपुढे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत जागा दिली. कागदावर साखळी अखंड दिसते : सहापर्यंत पाळणाघर, पुढे शाळा. परंतु शाळा बंद असलेल्या दिवशी सात वर्षांचे मूल कोणाचे, याचे उत्तर यांपैकी कोणत्याही कलमात नाही. त्या दिवशी ते पाळणाघरासाठी मोठे आणि घरात एकटे राहण्यासाठी लहान ठरते. शिवाय सुरतेतील कितीतरी मजूर लहान कारखान्यांत आणि घरबसल्या कामांत असल्यामुळे पाळणाघराचे कलमही त्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचत नाही.

हा प्रश्न सुटण्याजोगा नाही असे मात्र नव्हे. १९३७ मध्ये बालपक्षाघाताच्या साथीमुळे शिकागो शहरातील शाळा सुमारे तीन आठवडे उघडल्या नाहीत, तेव्हा आकाशवाणीवरून पाठ दिले गेले आणि त्यांची माहिती दैनिकांतून छापली गेली. त्याने अभ्यास राहिला, सांभाळ घरावरच पडला. इंग्लंडने मार्च २०२० मध्ये एक पाऊल पुढे टाकले. शाळा सर्वांना बंद झाल्या, तरी परिचारिका, वाहनचालक, अन्नपुरवठा करणारे अशा अत्यावश्यक कामगारांच्या मुलांसाठी दार उघडे ठेवले गेले. थोडी मुले, थोडे शिक्षक, एक पंखा आणि एक घास, एवढ्यावर ते भागते. आपल्याकडेही उदाहरण आहे. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागी फिरती पाळणाघरे सुरू केली. तेथे तान्ह्या मुलांबरोबर त्यांना सांभाळणारी थोरली भावंडेही घेतली गेली, कारण तान्ह्याला घेतले तरच थोरली मोकळी होते, हे तेथे प्रत्यक्ष दिसले.

प्लेगानंतर सुरतेने जे करून दाखविले ते सर्वांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत कचऱ्याने बदनाम झालेले हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. कचरा रोज कोण उचलणार, हे तेव्हा नाव घेऊन ठरविले गेले. आपोआप उचलला जाईल असे कोणी गृहीत धरले नाही. बंद शाळेच्या दिवशीचे मूल मात्र अजून गृहीतच धरलेले आहे : आजी बघेल, शेजारीण बघेल, थोरली बघेल. या तिघींनी तीन संकटांत शहराला तारले. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही.

पावसाळ्यात खाड्या फुगतील, साथीही येतील, आणि शाळेला कुलूप लावावे लागेल. ते लावणे कित्येकदा शहाणपणाचेच असते. परंतु कुलूप लावणाऱ्या हुकुमातच आणखी एक ओळ असावी : या वस्तीतील कामावर जाणाऱ्यांची मुले आज कोठे बसतील. ती ओळ लिहिली जाईल त्या दिवशी भोंगा घंटेच्या आधी वाजला तरी कोणत्याही आईला दाराला बाहेरून कडी घालून निघावे लागणार नाही.