बीजांडकोशाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरची उभारी

बीजांडकोशाच्या (ओव्हरीच्या) कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण स्त्री पुन्हा जेवू-चालू लागते, केमोथेरपी पुरी करते आणि आपल्या कामाला लागते. या काही महिन्यांच्या वाटचालीला येथे उभारी म्हटले आहे. तिच्यात शरीर आणि मन दोन्ही आले. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला लागणे ही या रोगाची लक्षणे अपचनावर किंवा वयावर ढकलली जातात. त्यामुळे बहुसंख्य स्त्रियांचा रोग तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यातच कळतो, आणि शस्त्रक्रियाही तेवढीच मोठी करावी लागते.

शस्त्रक्रिया : पोटावर उभा, लांब छेद घेऊन दोन्ही बीजांडकोश, बीजवाहिन्या, गर्भाशय आणि आतड्यांवरचा चरबीचा पडदा (वपा) काढतात, पोटात इतरत्र दिसणाऱ्या गाठीही शक्य तितक्या काढतात. ही कल्पना बॉस्टनचे शल्यविशारद जो मेग्ज यांनी १९३४ मध्ये मांडली. १९७५ मध्ये टॉमस ग्रिफिथ्स यांनी १०२ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले, की मागे राहिलेल्या गाठी दीड सेंटिमीटरहून लहान असतील तर आयुष्य वाढते. दिसणारी एकही गाठ मागे राहू नये, हे आजचे उद्दिष्ट आहे.

पहिले दिवस : पूर्वी अशा रुग्णाला वारा सरेपर्यंत उपाशी ठेवत आणि पडून राहायला सांगत. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ही रीत मोडायला सुरुवात केली. आता पहिल्या २४ तासांत थोडे खायला देतात आणि पलंगावरून उतरवून दोन पावले चालवतात. आतडी लवकर हलावीत म्हणून च्युइंगगमही चघळायला देतात. उठताना आधी कुशीवर वळावे, खोकताना पोटाशी उशी धरावी, तीन चेंडूंच्या यंत्राने श्वास ओढून चेंडू वर उचलावेत, ही परिचारिकेची शिकवण टाक्यांइतकीच महत्त्वाची आहे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनची इंजेक्शने अनेकदा २८ दिवस चालू ठेवतात. घरी गेल्यावर ती इंजेक्शने रुग्ण स्वतः घेते किंवा घरचे कोणी देते. साधारण सहा आठवडे भरलेली बादली, धान्याचा डबा किंवा नातवंड उचलायचे नसते. घरात सगळ्यांसाठी राबण्याची सवय असलेल्या बाईला पथ्यातला हाच भाग सर्वांत जड जातो.

केमोथेरपी : पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही जोडी बहुधा दर तीन आठवड्यांनी, एकूण सहा वेळा देतात, काहींना त्यांतल्या तीन फेऱ्या शस्त्रक्रियेआधीच देतात. केस जातात आणि परत येतात. बोटांतल्या मुंग्या मात्र कधीकधी महिनोन्‌महिने राहतात. शर्टाचे बटण लावणेही अवघड होते.

अचानक आलेली रजोनिवृत्ती : दोन्ही बीजांडकोश काढल्यामुळे पाळी चालू असलेल्या स्त्रीला एका रात्रीत अंगातून वाफा, घाम, उडालेली झोप आणि हाडांची झीज यांना तोंड द्यावे लागते.

सहजीवन : योनीचा कोरडेपणा हा नेहमीचा त्रास असून त्यावर उपाय आहेत.

मनाची बाजू : ‘हिंमत ठेव, सगळं ठीक होईल’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाने ऐकलेले असते. हिंमतीने गाठ विरघळते का, याचा शोध घेतला गेला आहे. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पिगेल यांना १९८९ मध्ये असे दिसले, की पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रिया आधारगटात बसत, त्या जास्त जगल्या. त्यांच्याच २००७च्या अभ्यासात एकंदर रुग्णांत तसा फरक आढळला नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन यांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांची माहिती तपासली. मनःस्थितीवरून आयुर्मानाचा अंदाज बांधता येत नाही, असे त्यांना आढळले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कर्करुग्णांच्या मनाची शास्त्रशुद्ध काळजी रुजवणाऱ्या जिमी हॉलंड यांनी तर ‘सकारात्मक विचारांची जुलूमशाही’ असा शब्दप्रयोग केला. रडू आले म्हणून रोग वाढला, असा दोष रुग्णाने स्वतःला लावून घेऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. आशेचे काम वेगळे आहे. आशा असलेली बाई उद्याच्या चार पावलांसाठी पलंगावरून उतरते, तोंडाची चव गेलेली असतानाही पेज पिते आणि पुढच्या केमोची तारीख चुकवत नाही.

दोन उदाहरणे : अमेरिकन विनोदी अभिनेत्री गिल्डा रॅडनर यांच्या तक्रारींचे निदान अनेक महिने चुकत राहिले, १९८६ मध्ये बीजांडकोशाचा कर्करोग सापडला. उपचारांच्या काळात त्या कॅलिफोर्नियातील आधारगटात जात, इतर रुग्णांना हसवत. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी आपल्या आजारावरही विनोद केले. २० मे १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे हसू कमी पडले, असे कोणी म्हणू नये. त्यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये १९९५ मध्ये उघडलेल्या ‘गिल्डाज क्लब’मध्ये रुग्ण आणि कुटुंबीय एकत्र बसू लागले.

अभिनेत्री मनीषा कोईराला यांचा जन्म १९७०चा, काठमांडूचा. ‘सौदागर’ (१९९१) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांमुळे त्या घराघरांत पोहोचल्या. २०१२च्या अखेरीस त्यांना हा कर्करोग असल्याचे कळले. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया आणि पुढे केमोथेरपी झाली. २०१३ मध्ये त्या मुंबईत परतल्या. ‘हील्ड’ (२०१८) या आत्मकथनात धैर्याबरोबर मरणाची भीतीही आहे, हे त्याचे मोल. त्याच वर्षीच्या ‘संजू’मध्ये त्यांनी अभिनेत्री नर्गिस यांची भूमिका केली, स्वादुपिंडाच्या कर्करोगावर नर्गिस यांचे उपचारही न्यूयॉर्कलाच झाले होते. ‘हीरामंडी’च्या (२०२४) एका दृश्यासाठी त्या बारा तासांहून अधिक काळ पाण्यात होत्या, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

महाराष्ट्र : परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून, तर बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो.

पुढील तपासण्या : पहिली दोन वर्षे साधारण दर तीन-चार महिन्यांनी तपासणी होते. रक्तातील सीए-१२५ हा निर्देशक रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या आरंभी शोधला. ३५ एककांपर्यंतचा आकडा सामान्य मानतात. तारीख जवळ आली की झोप उडते आणि रिपोर्ट येईपर्यंत घर गप्प असते. २०१० मध्ये गॉर्डन रस्टिन यांच्या चाचणीत दिसले, की केवळ आकडा वाढला म्हणून, लक्षणे नसताना लगेच उपचार सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही. त्यामुळे ही तपासणी किती वेळा करायची, की लक्षणांवरच लक्ष ठेवायचे, हे काही स्त्रिया आता डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवतात.