शाळेचं अंतर नेमकं कुठून मोजायचं? बसथांबा, पास आणि सवलतीचे नियम

जून उजाडला की सीमाभागातल्या आगारांत विद्यार्थी पासासाठी रांगा लागतात आणि त्याच आठवड्यात पालकांची कुरकुरही सुरू होते. गाडी फाट्यावर थांबते, गावात येत नाही. भरलेली गाडी हात केला तरी पुढे निघून जाते. वाहतूक भत्ता मागितला तर 'अंतरात बसत नाही' असं उत्तर मिळतं. या सगळ्या तक्रारी एकाच खात्यात सुटत नाहीत. अंतराचा नियम शिक्षण खात्याचा, थांबा आणि पास परिवहन महामंडळाचा, रस्ता पंचायतीचा किंवा बांधकाम खात्याचा. पालक मात्र एकच आणि त्याच्या हातात अर्जही एकच.

अंतराचा मूळ आधार २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याखालच्या केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावी, असं म्हटलं आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकनेही आपापल्या नियमांत साधारण हीच मापं धरली. यातला कळीचा शब्द आहे 'चालत'. म्हणजे पोर ज्या वाटेनं पायी जातं ती वाट मोजायची, नकाशावरची सरळ रेघ नव्हे. प्रत्यक्षात तपासणी करताना गावठाणापासून शाळेपर्यंतचा आकडा धरला जातो आणि गावठाणापासून दोन किलोमीटर आत असलेला धनगरवाडा किंवा माळावरची वस्ती त्या आकड्यात येतच नाही.

केंद्राच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, तिची आठवण फार कमी अर्जांत दिसते. डोंगराळ भाग, पूर, दरडी, रस्ता नसणं, लहान मुलांना वाटेत धोका असणं, अशा ठिकाणी ही अंतरं कमी करावीत, असं तिथे सांगितलं आहे. ज्या छोट्या वस्तीला मर्यादेत शाळाच नाही, तिथल्या मुलांसाठी मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय करायची आहे. अपंग मुलांसाठी सुरक्षित वाहतुकीचा उल्लेख वेगळा आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात किंवा चंदगडच्या घाटाकडच्या वाड्यांत पावसाळ्यात ओढा भरला की ८०० मीटरची वाट तीन किलोमीटरची होते. उन्हाळ्यात मोजलेलं अंतर जुलैत कामाचं नसतं.

पैशाची बाजू समग्र शिक्षा योजनेत येते. मर्यादेत शाळा नसलेल्या मुलांसाठी वाहतूक किंवा सोबतीच्या खर्चापोटी वर्षाला ६ हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. २०२१ नंतर ती माध्यमिक वर्गांपर्यंत वाढवली गेली. हा आकडा 'पर्यंत' आहे, म्हणजे कमाल. महिन्याला पाचशे रुपयांत वडापचं भाडं भागतं का, हे ज्यानं त्यानं आपल्या गावात पाहावं.

खरी गळती मात्र वरच्या वर्गांत होते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच. कर्नाटकात सातवीनंतर हायस्कूल सुरू होतं, म्हणून बहुतेक खेड्यांतल्या मुलांचा प्रवास आठवीला सुरू होतो. नववी-दहावीला कायद्याचं संरक्षण उरत नाही. माध्यमिक शाळा ५ किलोमीटरच्या आत असावी हे २००९ च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचं उद्दिष्ट होतं. उद्दिष्ट आणि हक्क यांत फरक आहे, तो इथेच जाणवतो.

सीमाभागात यात भर पडते माध्यमाची. अंतराच्या नियमात 'शाळा' असा शब्द आहे, 'मराठी शाळा' असा नाही. गावात कन्नड शाळा आहे आणि मराठी हायस्कूल आठ किलोमीटरवर, तर कागदावर मुलाला जवळ शाळा उपलब्ध आहे. कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावं असं आहे, पण अंतराच्या हिशेबाशी ते कुठे जोडलेलं नाही. म्हणून अर्जात माध्यमाचा मुद्दा स्पष्ट लिहावा आणि त्या माध्यमाची सर्वांत जवळची शाळा कोणती, हे नावानिशी द्यावं. ते न लिहिल्यास कचेरीतला माणूस जवळची शाळा बघून फाईल बंद करणार, त्याचा तरी काय दोष?

आता बस. पास थांबा ते थांबा मिळतो. एसटीचा टप्पा ६ किलोमीटरचा, भाडं त्यावर. घरापासून थांब्यापर्यंतची पायपीट ना शिक्षण खातं मोजतं ना महामंडळ. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे आणि अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच देण्याची सोय एसटीनं केली, त्यामुळे रांगेचा त्रास कमी झाला. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना, म्हणजे मुलींनाही, साध्या बसचा प्रवास फुकट आहे. मुलींची सोय झाली हे खरं. पण गाड्या तेवढ्याच राहिल्या आणि गर्दी वाढली तर मधल्या थांब्यावरच्या पासधारक पोरांना गाडी मिळत नाही, ही तक्रार तेव्हापासून कायम आहे.

नवा थांबा हवा असेल तर 'विनंती थांबा' मागणं सोपं. त्यासाठी शेड लागत नाही, फक्त चालक-वाहकाला आदेश लागतो. मागणी महाराष्ट्रात आगार व्यवस्थापकाकडे, कर्नाटकात वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या डेपो मॅनेजरकडे करावी. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळा व्यवस्थापन समितीचा, म्हणजे कर्नाटकात एसडीएमसीचा, ठराव जोडावा. किती मुलं, कोणत्या वर्गाची, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, हे तक्त्यात द्यावं. 'गाडी वेळेवर सोडा' यापेक्षा 'शाळा दहाला भरते, सध्याची गाडी साडेदहाला पोचते' हे वाक्य जास्त काम करतं. बेळगाव जिल्ह्यात अर्जाची कन्नड प्रत जोडलेली बरी. तत्त्वाचा प्रश्न वेगळा, काम लवकर होणं वेगळं.

खासगी शाळांच्या पिवळ्या बसबाबत महाराष्ट्रात २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधी सदस्य. बसभाडं आणि थांबे ठरवण्याचं काम या समितीचं आहे, कंत्राटदाराचं नाही. हमरस्त्यापलीकडे थांबा दिला असेल तर समितीची बैठक लेखी मागता येते. गोव्यात अनुदानित शाळांसाठी सरकारची बालरथ योजना आहे, तिथे फेरी आणि थांबा शाळाच ठरवते, त्यामुळे पहिला अर्ज मुख्याध्यापकांकडेच.

राज्य ओलांडून शिकणाऱ्यांचा पेच शिल्लक राहतो. शिनोळीहून बेळगावला किंवा निपाणीहून कागल-कोल्हापूरला जाणाऱ्या मुलाला एका महामंडळाचा पास दुसऱ्याच्या गाडीत चालत नाही. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांतल्या बसफेऱ्या काही काळ थांबल्या, तेव्हा अशा मुलांपुढे वडाप किंवा दुचाकी एवढाच पर्याय होता. पास काढताना म्हणूनच शाळेच्या वेळेला त्या मार्गावर कोणत्या महामंडळाच्या गाड्या जास्त आहेत ते आधी पाहावं, आणि पास त्याच महामंडळाचा घ्यावा.